भातसानगरचा विलायती कंद

कल्याण सोडले की कसाऱ्याच्या लोकलचा स्वभाव बदलतो. तोवर ती मुंबईची असते. घाईची, घामेजलेली, कोणाचा पाय कोणावर पडला याची दादफिर्याद न घेणारी. शहाड, आंबिवली मागे पडली, टिटवाळ्याला गणपतीची मंडळी उतरली, की डब्यात जागा होते, माणसे पाय पसरतात, आणि कोणी अनोळखी गृहस्थ पिशवीतून बोरे काढून शेजाऱ्यापुढे धरतो. खडवलीला नदी लागते. सुट्टीच्या दिवशी डुंबायला येणाऱ्या मंडळींना ती नुसती 'खडवलीची नदी' म्हणून ठाऊक असते. आमच्या घरात मात्र तिला भातसा याच नावाने ओळखतात, आणि तिचा उल्लेख एखाद्या लांबच्या आत्याबाईसारखा होतो. माझ्या वडिलांनी सारी नोकरी तिला अडवून धरण्यात घालवली.

यंदा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, मी या गाडीने भातसानगरला निघालो होतो. शेजारी माझी धाकटी बहीण. ती इंग्लंडात असते; सहा वर्षांनी आली होती. वासिंदपर्यंत तिचे तोंड चालू होते. आसनगाव जवळ आले, माहुलीचे सुळके दिसू लागले, तशी ती गप्प झाली. मग एकदम म्हणाली, "दादा, अण्णा बोलतील ना रे माझ्याशी?"

"बोलण्याचं मला ठाऊक नाही," मी म्हणालो, "पण त्यांनी तुझ्यासाठी पार्सनिप लावलेत."

पार्सनिप म्हणजे काय, असे वाचक विचारतील. विचारणे रास्तच आहे. मीही कॉलेजात विद्यार्थी असताना हा शब्द प्रथम भेटला तो एका म्हणीत. गोड शब्दांनी पार्सनिपला लोणी लागत नाही, अशी इंग्रजीत सतराव्या शतकापासूनची म्हण आहे. आपल्याकडे बोलाच्या कढीची आणि बोलाच्या भाताची जी म्हण आहे तिची ही सख्खी बहीण. परीक्षेत तिचा अर्थ विचारला तेव्हा मी 'पार्सनिप हे एक विलायती पक्वान्न आहे' असे बेधडक लिहून आलो होतो. पुढे कित्येक वर्षांनी कळले की ते पक्वान्न नसून मूळ आहे. दिसायला पांढऱ्या, भुंड्या गाजरासारखे, वर जाड आणि खाली निमुळते. गाजर, धने, जिरे, ओवा यांच्याच कुळातले. बटाटा अमेरिकेहून युरोपात जाऊन रुजेपर्यंत तिकडच्या गोरगरिबांचे हिवाळ्यातले पोट या मुळावर भरत असे. साखर दुर्मीळ होती तेव्हा गोडीसाठीही ते वापरत. त्याची गंमत अशी, की ते जमिनीत असताना वरून हिम पडले की त्यातल्या पिठाची साखर होते. म्हणून तिकडचे जाणते लोक पहिले हिम पडून गेल्याशिवाय ते उपटतच नाहीत.

हे सारे ज्ञान मला बहिणीकडून मिळाले. पण त्याकडे येण्याआधी भातसानगराविषयी सांगितले पाहिजे.

शहापूरहून एस. टी.ने भातसानगरला जाताना रस्ता साग आणि ऐन यांच्या रानातून वळत जातो. फेब्रुवारीत सागाची पाने गळून रान उघडेबोडके झालेले असते. मधूनच एखादा पळस पेटलेला. आणि मग एका वळणावर भिंत दिसते. ८८ मीटरांहून अधिक उंच अशी ती भिंत पाहून नवखा माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. आम्हा वसाहतीतल्या मुलांना मात्र तिचे काही वाटत नसे. कोणाच्या घरामागे आंब्याचे झाड असते, आमच्या घरामागे धरण होते, इतकेच. अण्णा पाटबंधारे खात्यात मिस्त्री. धरणाचे काम चालू असताना ते तरुणपणी इथे आले. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा, १९८३ साली, धरण पुरे झाले आणि त्याच साली त्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. सप्टेंबरातला धक्का सगळ्यांत मोठा होता. भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत कोयनेबरोबर भातसाचेही नाव येते ते यामुळेच. मला त्यातले एवढेच आठवते, की आम्ही सारे काही रात्री अंगणात झोपलो होतो, आणि अण्णा मात्र कंदील घेऊन भिंत पाहायला गेले होते. आई दारात बसून राहिली होती.

भातसाचे पाणी नदीच्याच पात्रातून खाली पिसे येथे जाते, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला पोहोचते. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा हीदेखील याच शहापूर तालुक्याची लेकरे. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो! मुंबईच्या वर्गात मी हे सांगितले की विद्यार्थी हसतात. त्यांना ती कोटी वाटते.

धरणाबद्दल आईचे मत मला कधी कळले नाही. तिला या मुलखातले एकच कौतुक होते, ते म्हणजे इथले कंद. ती देशावरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला रताळे आणि सुरण याखेरीज कंद ठाऊक नव्हता. इथे आल्यावर एक कातकरीण बाई तिची गुरू झाली. तिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की ती शेवळे घेऊन येई. शेवळे म्हणजे रानातल्या सुरणाचा फुलोरा. ते नुसते शिजवले तर घसा असा खाजतो की नको ते जेवण. म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावी लागतात. शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडे न विकणारी बाई खरी या मुलखातली नव्हे, असे आई म्हणे. श्रावण-भाद्रपदात वेलींचे राज्य सुरू होई. आणि दिवाळी उलटली, थंडी पडली, की मावशीच्या टोपलीत करांदे दिसू लागत.

करांदा ज्याने पाहिला नाही त्याला तो समजावून सांगणे कठीण आहे. त्याच्या वेलाला बदामाच्या आकाराची रेखीव पाने असतात आणि फळासारखे कंद वरच वेलाला लटकतात. बटाटा झाडावर चढून बसला असावा असे वाटते. मातकट रंगाचे, ओबडधोबड, हातात घेतले तर वजनदार. गावात कुंपणावर चढवलेला करांदा मिठाच्या पाण्यात उकडून, साल काढून खातात. त्याला किंचित कडसर, भाजलेल्या बोंडाची आठवण करून देणारी चव असते. पहिल्या घासाला मूल तोंड वाकडे करते आणि तिसऱ्याला आणखी मागते. आई त्याचे काप करून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतीत असे. कोनफळ निराळे. ते जमिनीत वाढते, कापले की आतून जांभळे निघते, आणि त्याची भजी ज्याने खाल्ली तो बटाट्याच्या भज्यांचे कौतुक पुन्हा करणार नाही. (माझी बायको यावर सहमत नाही, ती पुण्याची आहे.)

रानातला करांदा मात्र जहर कडू. तो खाण्याची विद्या कातकऱ्यांची. पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, आणि मग टोपलीत भरून ती टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात दगडाने दाबून ठेवायची. कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. सकाळी पुन्हा शिजवून खायच्या. पाणी वाहतेच हवे. साठलेल्या पाण्यात कितीही ठेवा, कडू ते कडूच. मावशी एकदा आईला म्हणाली होती, "आमची करांद्याची टेकडी पाण्याखाली गेली बाय. पानी येवढं दिलं देवानं, पर वाहाया नाय ठेवलं." ओढे लवकर आटू लागल्यावर ती कालव्याला पाणी सुटायची वाट पाही आणि टोपली कालव्यात बांधी. अण्णा खात्याचे माणूस. त्यांना ते दिसे आणि दिसत नसे.

एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. ते दिवस कसे होते हे वाचकांना सांगायला नको. ज्या आठवड्यात आम्ही तिला नेले त्याच आठवड्यात ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकले. बहिणीचे मूल तेव्हा दीड वर्षाचे. ती येऊ शकली नाही. रोज तास तास फोनवर ती अण्णांशी बोले. धीर देई, रडे, पुन्हा धीर देई. तेराव्या दिवशी अण्णा तिला म्हणाले, "नुसतं गोड बोलून काय होतं गं?" आणि फोन माझ्या हाती दिला.

त्यानंतर दोघांचे बोलणे तीन वाक्यांवर आले. "बरा आहे. औषध घेतो. ठेवतो." निवृत्तीनंतर अण्णांनी वसाहतीजवळच्या एका गावात दोन गुंठे जागा घेऊन घर बांधले आहे. आम्ही मुंबईला चला म्हटले की ते म्हणत, "कुंपणावरच्या वेलांना पाणी कोण घालील?" कुंपणावर आईचे करांदे होते.

२०२२च्या मे महिन्यात एका ओळखीच्या माणसाबरोबर बहिणीचे पुडके आले. चिठ्ठी नव्हती. आत बियांची एक पुडी आणि पुडीवर तिच्या अक्षरात एकच ओळ: 'आईच्या करांद्यासारखं लागतं.' इंग्लंडात नगरपालिका नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देतात. तसा एक तुकडा तिने घेतला होता आणि शेजारच्या तुकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने तिला पार्सनिप लावायला शिकवले होते. तेही मे महिन्यापेक्षा आधी, वसंताच्या गारव्यात लावतात. ते हिम पडल्यावर काढून, तेलात भाजून तिने खाल्ले, आणि ती चुलीपाशी बसून रडली, असे तिने मला पुढे सांगितले. मी विचारले, करांद्याला तर कडसर चव असते, पार्सनिप गोड. ती म्हणाली, "कडा जळल्या होत्या ना!"

अण्णांनी पुडी उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता कोनाड्यात ठेवली. मृग लागला तसे त्यांनी कोनफळाबरोबर तेही बी पेरून टाकले. कोनफळाचा खड्डा कसा असतो हे इथल्या कोणालाही विचारा: पहारेने हातभर खोल खणायचे, दगड वेचून काढायचे, आणि पालापाचोळा, शेणखत, राख घालून भरून टाकायचे, म्हणजे कंदाला वाढायला पोकळ जागा मिळते. पार्सनिपचे बी पापडाच्या तुकड्यासारखे चपटे आणि हलके. अर्धे वाऱ्याने उडाले, उरलेले पहिल्या मोठ्या सरीत वाहून गेले. कोनफळे मात्र उत्तम आली.

दुसऱ्या खेपेला, २०२३च्या दिवाळीत, त्यांनी पुडीत उरलेले बी टाकले. महिनाभर पाणी घातले. काही उगवले नाही. हे मी फोनवर बहिणीला सांगितले तेव्हा ती हसली. पार्सनिपचे बी वर्षभरात मरते. दर साली ताजे लागते. "मग सांगायचंस ना," असे मी म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी विचारायचं ना!" बापाची लेक.

विचारले त्यांनी. किती दिवसांनी, ते मी मोजले नाही, पण एका रविवारी त्यांच्या तीन वाक्यांना चौथे जोडले गेले: "त्या बियाचं काय करायचं असतं?" मग ताजी पुडी आली आणि सूचनाही आल्या. जमीन थंड लागते. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, घाई करायची नाही. ओळ कुठे आहे ते विसरू नये म्हणून बियांबरोबर मुळा पेरायचा. मुळा लवकर वर येतो आणि खूण सांगतो. रोप उपटून दुसरीकडे लावायचे नाही, मूळ फाटते. २०२४ची दिवाळी आटोपल्यावर अण्णांनी वाफा केला. भातसाची वाळू आणि जुने शेणखत चाळून खड्डे भरले, वर ओले गोणपाट घातले. मुळा आला, खाल्ला, संपला. चोविसाव्या दिवशी त्यांनी मला सकाळी सहाला फोन केला. "आलंय," म्हणाले. मला वाटले कोणी पाहुणे आले.

एक अपघातही झाला. पार्सनिपच्या पाल्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते. जानेवारीत अण्णांच्या मनगटावर तपकिरी डाग उठले. बहीण घाबरली. अण्णा शांतपणे म्हणाले, "आमचा सुरण खाजतो, तुमचं हे भाजतं. कंदाची जात म्हणजे अशीच." फोनवर त्या दिवशी सतरा मिनिटे झाली होती.

तर असे आम्ही दोघे भातसानगरच्या रस्त्यावर उतरलो. अण्णा फाटकाशी उभे होते. बहीण वाकून नमस्कार करायला गेली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, आधी वाफा बघ. पुन्हा उजेड नाही राहायचा." वाफा पाहिला. चौदा रोपे होती. त्यांतली बोटाएवढी नऊ निघाली, तीन नुसती दोऱ्यासारखी, आणि एक दगडाला अडून दोन पाय फुटलेले. चौदावे त्यांनी काढू दिले नाही. अण्णांना ते दोन पायांचे सर्वांत आवडले. बहीण मातीत बसून त्यांची माती पुशीत होती. "इकडं हिम नाही पडत अण्णा, गोडी कमी असेल. दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात म्हणजे येते." "उद्या महाशिवरात्र आहे," अण्णा म्हणाले. "उद्याच खायचं."

आता प्रश्न आला, पार्सनिप उपासाला चालते का? या विषयावर आमच्या घरात त्या रात्री जी चर्चा झाली ती एखाद्या विद्वत्परिषदेला शोभली असती. मी म्हणालो, कंद म्हणजे सुरण, करांदा; हे मूळ आहे, गाजराचे भावंड, आणि गाजराबद्दल घराघरांत मतभेद आहेत. बहीण म्हणाली, धर्मग्रंथांत इंग्लंडचा उल्लेख नाही, तेव्हा मनाईही नाही. अण्णांनी निकाल दिला. "बटाटा अमेरिकेतला, रताळं अमेरिकेतलं, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची आणि तो साबुदाण्याचा कंद, तेही तिकडचेच. ते सगळे चालतात. मग हे तर माझ्या वाफ्यातलं आहे."

महाशिवरात्रीला इथल्या बाजारात रताळी, कोनफळे आणि करांदे येतात. मावशी आता येत नाही, तिचे गुडघे गेले. तिची सून टोपली घेऊन आली. आईच्या वेलाचे करांदे अण्णांनी माघापर्यंत राखेत ठेवले होते, ते आणि सुनेकडचे मिळून पातेले भरले. चूल बहिणीने पेटवली. करांदे मिठाच्या पाण्यात उकडले. पार्सनिपची साल खरवडली, आतला दांडा जून झाला होता तो काढून टाकला, आणि त्याच्या कांड्या तव्यावर तूप-जिऱ्यात कडा काळसर होईतो परतल्या. वर मीठ, हिरवी मिरची, दाण्याचे कूट. नऊ बोटांची भाजी ती. तीन माणसांना तीन-तीन घास.

चव? खरे सांगायचे तर, फारशी गोड नव्हती. धन्याच्या देठासारखा थोडा वास, थोडी मातीची गोडी, आणि जळक्या कडेची कडसर चव. मी ताटातला करांदा खाल्ला, मग पार्सनिप, मग पुन्हा करांदा. बहिणीचे म्हणणे मला पटले असे नाही. पण नाकारताही येईना. अण्णा बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "मीठ तिच्यासारखं पडलंय." आणि दोन पायांचे ते पार्सनिप त्यांनी वेगळे नुसते उकडून घेतले होते, ते त्यांनी मधोमध चिरले, शेजारून आणलेले लोणी त्यावर घातले आणि ताटली बहिणीपुढे सरकवली. माझ्या परीक्षेतला तो जुना प्रश्न मला आठवला. मी काही बोललो नाही. मराठीच्या प्राध्यापकाला हे फार जड जाते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दोघे धरणाच्या बाजूला फिरायला गेले. मी पेपर तपासत बसलो. दीड तासाने परत आले तेव्हा काय बोलले ते मला कोणी सांगितले नाही.

वाफ्यातले ते चौदावे पार्सनिप बियांसाठी राखले होते. त्याला दुसऱ्या वर्षी फूल येते, पण मधला हिवाळा कडक लागतो. इथे फूल येणार नाही हे बहिणीने सांगितले होते आणि अण्णांना पटलेही होते. तरी ठेवले. पावसाळ्यात ते कुजले. त्या जागी त्यांनी कोनफळाचा डोळा लावला. त्याचा वेल आता मांडवावर गेला आहे. दर रविवारी दुपारी फोनवर त्याची खबर विचारली जाते.

परवा अण्णांनी मला विचारले, "इंग्लंडात कोनफळ येईल का रे?"

मी म्हणालो, तिकडच्या थंडीत कठीण आहे.

"तिला सांग," ते म्हणाले, "तीनदा लावून बघायचं."